पोळ्याचा घास मोजून द्या : जनावरांच्या पोटासाठी जाहीर आवाहन

शेतकरी बंधू-भगिनींनो, गावकरी मंडळींनो आणि घरात कुत्रं-मांजर पाळणाऱ्या शहरवासीयांनो,

पोळा तोंडावर आला आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे बेंदूर होऊन गेला. आता विदर्भ, मराठवाडा, खानदेशात श्रावणी अमावास्येला बैल सजतील. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी होईल, बैलांना जेवणाचं आवतण दिलं जाईल. या सणाच्या निमित्ताने आम्हा पशुवैद्यकांची एक कळकळीची विनंती आहे. बैलाला पुरणपोळीचा नैवेद्य घासापुरताच द्या. आणि त्या रात्री व दुसऱ्या दिवशी सकाळी तो रवंथ करतो आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

पोळा फुटला की बैल घरोघर नेण्याची आपली रीत आहे. प्रत्येक घरची माउली ओवाळते आणि मायेने एक-दोन पोळ्या भरवते. तिच्या दृष्टीने ते दोनच घास असतात. पण दहा-पंधरा दारं फिरून झाली की बैलाच्या पोटात पाटीभर पोळ्या, वर भात आणि गूळ गेलेला असतो. त्याचा हिशेब कोणीच ठेवलेला नसतो. दुसऱ्या दिवशी बैल वैरणीला तोंड लावत नाही, तेव्हा घरचे म्हणतात, "काल पोटभर जेवलाय, राहू दे." उपचाराची सर्वांत मोलाची वेळ अशीच निघून जाते.

असं का होतं, हे समजून घ्या. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे कोठीपोट. मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. हे कोठीपोट म्हणजे आंबवणीचा जिवंत रांजण आहे. त्यातले कोट्यवधी सूक्ष्मजीव कडबा आणि गवतातला तंतू हळूहळू फोडतात आणि त्यातूनच जनावराला ताकद मिळते. या जिवांना रोजच्या चाऱ्याची सवय असते. अचानक पुरण, मैदा, गूळ, भात, भरडा किंवा दाणे भरपूर आले की ते झपाट्याने आंबतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. एरवी 6 ते 7 असणारा कोठीपोटाचा सामू 5 च्याही खाली उतरतो. तंतू पचवणारे जीव मरतात, शरीरातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि आम्ल रक्तात उतरतं. याला आम्लधर्मी अपचन म्हणतात. दुर्लक्ष झालं तर धडधाकट बैल एक-दोन दिवसांत दगावू शकतो. वाचला तरी पुढे खुरांची सूज येऊन लंगडत राहू शकतो.

जनावर बोलत नाही, पण त्याचं पोट खुणा देतं. सणाच्या दिवसांतच नव्हे, रोज सकाळ-संध्याकाळ चार गोष्टी पाहायची सवय लावून घ्या.

पहिली, रवंथ. निरोगी गाय-बैल दिवसभरात मिळून सहा ते आठ तास रवंथ करतात. पोटाचं दुखणं सुरू झालं की बहुतेक वेळा सर्वांत आधी रवंथ मंदावते किंवा थांबते. चारा खाऊन दोन-तीन तास झाले, जनावर निवांत बसलं आहे, तरी जबडा हलत नसेल, तर सावध व्हा.

दुसरी, भकाळी. डाव्या बाजूला शेवटच्या बरगडीमागे जो खळगा असतो, तिथे मूठ टेकवून उभे राहा. कोठीपोटाची लाट दोन मिनिटांत साधारण दोन-तीनदा मुठीला जाणवते. लाट येतच नसेल, किंवा दाबल्यावर उमटलेला खळगा बराच वेळ तसाच राहत असेल, तर आत पोट बसलं आहे.

तिसरी, शेण. पातळ, आंबूस वासाचं, फेसाळ, न पचलेले दाणे असलेलं शेण अपचन सांगतं. कडक, शेंबडाने माखलेलं, अगदी थोडं शेण किंवा शेण पूर्ण बंद होणं हेही तितकंच गंभीर. रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग दिसला तर उद्यावर टाकू नका.

चौथी, वागणं. दात खाणं, कण्हणं, पाठ कमानीसारखी करून उभं राहणं, पोटाकडे वळून पाहणं, पोटावर लाथा मारणं, नाकपुडी कोरडी पडणं, डोळे खोल जाणं, चालताना झोकांड्या. यातलं काहीही दिसलं तरी ते नजर लागल्याचं लक्षण नाही. तो आजार आहे.

याच दिवसांत दुसरा धोका पोटफुगीचा. पावसाने माजलेलं कोवळं गवत किंवा लसूणघास, बरसीम अशी शेंगवर्गीय वैरण उपाशी जनावराने अधाशासारखी खाल्ली की पोटात फेस होतो आणि वायू अडकतो. डावी भकाळी वर येते, टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो, जनावर जीभ बाहेर काढून धापा टाकतं. फुगलेलं पोट फुप्फुसांवर दाब देतं, म्हणून इथे तासांचा हिशेब असतो. हिरव्या चाऱ्याआधी थोडा सुका कडबा घातला, तर हे बरंचसं टळतं. ज्वारीचं कोवळं किंवा पाण्याअभावी सुकलेलं पीक, तसंच कापणीनंतर फुटलेले फुटवे तर जनावरांना चारूच नका. त्यातल्या सायनाइडच्या विषबाधेत काही मिनिटांतही जनावर जातं.

दुखणं लक्षात आल्यावर पुढची कामं करा. आंबोण, भरडा, दाणे लगेच बंद करा. काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हापासून रवंथ बंद आहे, हे लिहून किंवा नीट लक्षात ठेवा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. पोट फुगलं असेल तर पुढचे पाय उंचावर येतील असं चढावर उभं करा, आडवं पडू देऊ नका. तेल किंवा खाण्याचा सोडा घरात असू द्या, पण किती आणि कसा द्यायचा, हे डॉक्टरांना विचारूनच.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. बाटलीने किंवा बांबूच्या नळ्याने पाजताना जीभ ओढू नका, मान फार उंच करू नका. ठसका लागला की लगेच थांबा, कारण औषध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. तापलेल्या सळईने डाग देऊ नका. पोटात दाभण किंवा सुरी खुपसू नका. ते काम डॉक्टरांचं आहे आणि त्याची जागा व साधन ठरलेलं आहे.

शेळ्या-मेंढ्यांसाठी वेगळं सांगायचं तर पोत्याचं तोंड बांधून ठेवा. लहानशा शेळीने किलोभर दाणे खाल्ले तरी जिवावर बेतू शकतं. आंत्रविषाराची लस दरवर्षी पावसाळ्याआधी टोचून घ्या. पावसाच्या पहिल्या कोवळ्या चाऱ्यावर चांगल्या धष्टपुष्ट शेळ्या काही तासांत मरतात, त्यामागे अनेकदा हाच आजार असतो.

पूजेचं ताट बैलापुढे धरताना त्यातले दागिने काढून ठेवा. नैवेद्यासोबत बैलाने मंगळसूत्र गिळल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. सोन्यापेक्षाही मोठी भीती तार, खिळा आणि सुईची. जनावर चारा न चावताच गिळतं, आणि अशी टोकदार वस्तू जाळीपोट या पोटाच्या कप्प्यात अडकून पुढे थेट हृदयापर्यंत रुतू शकते. गोठ्याच्या आसपास बांधकामाची तार पडू देऊ नका. बैल सजवल्यानंतर बेगडाचे तुकडे, प्लॅस्टिकची फुलं, फुगे गव्हाणीत राहणार नाहीत, एवढं पाहा.

शहरातल्या मंडळींनी उरलेलं अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून रस्त्यावर ठेवू नये. गाईला गाठ सोडता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. राज्यात 2018 पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, तरी शस्त्रक्रियेत गाईच्या पोटातून किलोच्या किलो प्लॅस्टिक निघतं. लग्नातला किंवा भंडाऱ्यातला उरलेला भात टोपलीभर एकाच गाईपुढे ओतणं हे पुण्य नाही. तिला द्यायचंच असेल तर वैरण द्या.

पोळ्यापाठोपाठ गणपती येतात. घरातल्या कुत्र्याला प्रसाद देताना मनुका, बेदाणे, चॉकलेट अजिबात देऊ नका, कांदा-लसणाचं कालवणही नको. शिजवलेली हाडं आतड्यात टोचतात. कुत्र्याला एकदा उलटी झाली आणि नंतर तो नेहमीसारखा खेळू लागला, तर काही तास लक्ष ठेवा. पण वारंवार उलट्या, रक्त किंवा मलूलपणा असेल तर दवाखाना गाठा. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलं, तो ओकाऱ्या काढतो पण बाहेर काही पडत नाही, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. एक मिनिटही दवडू नका. पिल्लाला उलट्या आणि दुर्गंधीयुक्त रक्ती जुलाब होत असतील तर पार्व्होची शंका घ्या. बोका वारंवार कुंथत असेल तर बद्धकोष्ठता समजून थांबू नका, बहुधा त्याची लघवी अडलेली असते आणि ते अधिक घातक. आपल्या औषधांच्या डब्यातली गोळी प्राण्याला देऊ नका. पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

शेवटी गावाकडे काही मागणं आहे. ग्रामपंचायतीने पोळ्याच्या दवंडीसोबत हीही सूचना द्यावी. दूध संस्थांनी चार खुणा आणि 1962 हा क्रमांक संकलन केंद्रावर मोठ्या अक्षरांत लावावा. शिक्षकांनी मुलांना भकाळीवर मूठ ठेवून लाट मोजायला शिकवावं, मुलं ते आनंदाने करतात. बैल फिरवणाऱ्या तरुणांनी दारोदारच्या पोळ्या पिशवीत गोळा करून घराघरांत वाटून टाकाव्यात, आणि बैलापुढे घासभर नैवेद्य ठेवून बाकी कडबा-हिरवळ घालावी. ओवाळणाऱ्या माउल्यांनी पोळीचा एक तुकडा बैलाला भरवून बाकीची राखणाऱ्या गड्याच्या हाती द्यावी. यात मान कमी होत नाही आणि रीतही मोडत नाही.

वर्षभर ज्याच्या खांद्यावर शेती उभी राहिली, त्याचा सण त्याच्या पोटाला झेपेल असा करू या. पोळ्याच्या रात्री झोपण्याआधी प्रत्येक घरातल्या एका माणसाने गोठ्यात जाऊन रवंथ पाहावी, सकाळी पुन्हा पाहावी, आणि शंका आली तर त्याच घटकेला फोन करावा. आम्ही यायला तयार आहोत. वेळेवर बोलावणं तुमच्या हाती आहे.

आपले,
गावोगावी काम करणारे पशुवैद्यक