तीन कोटेशनं

मेथीची जुडी घेताना आपण दोन रुपयांसाठी पाच मिनिटं उभ्या राहतो, वर मूठभर कोथिंबीर मागून घेतो. पण सहा-साडेसहा लाखांची गाडी घ्यायला गेलं की काचेच्या दारापाशीच आपला आवाज खाली जातो. एसीचा गारवा, टाय लावलेला मुलगा, न मागता पुढे आलेली कॉफी. भाव करणं म्हणजे आपली ऐपत नाही असं कबूल करणं, असं वाटायला लागतं. दिवाळीनंतर भोपाळला ताईकडे गेले होते, तेव्हा हे अगदी जवळून पाहिलं.

आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी लेकी भोपाळ-इंदूरकडे दिलेल्या आहेत. माझी ताई त्यांतलीच. भाऊजी भेलच्या कारखान्यात खरेदी विभागात होते. निवृत्त झाल्यावर दोघांनी अयोध्या नगरात घर केलं. ताईचे दोन्ही गुडघे गेलेले, जानेवारीत ऑपरेशन ठरलेलं. रिक्षात चढताना तिचा चेहरा कसा होतो ते रोज पाहून भाऊजींनी आयुष्यातली पहिली नवी गाडी घ्यायचं ठरवलं, तेही मुदत ठेव मोडून. ठेव मोडलेल्या घरात हजार रुपयांची किंमत काय असते, ते सांगायला नको.

"सप्टेंबरात जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आलाय. सरकारनंच भाव उतरवला, आता आणखी काय घासायचं?" भाऊजी वाटेत म्हणाले. छोट्या गाड्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून खरोखरच उतरला होता. पण कर सरकारचा, आणि बिल शोरूमचं. या दोन गोष्टी वेगळ्या.

शोरूममध्ये गेल्या गेल्या भाऊजींनी पहिल्याच वाक्यात सगळे पत्ते उघडे केले. "जानेवारीत मिसेसचं ऑपरेशन आहे, त्याआधी गाडी हवीच." झालं! आम्ही थांबू शकत नाही, हे त्या मुलाला कळलं. सूट विचारली तर म्हणाला, "सर, रेट तो कंपनी का है, हमारे हाथ में कुछ नहीं." मग आत जाऊन आला नि 'खास आपके लिए' पंधरा हजार कमी केले. भाऊजी खूष. पेन खिशातून निघालंसुद्धा.

मी म्हटलं, "आधी सगळं कागदावर लिहून द्या. एकेक रक्कम वेगळी." मुलगा जरा थबकला, पण दिलं. गाडी ५,५०,०००. रोड टॅक्स ४४,०००. विमा ३४,५००. नोंदणी, नंबरप्लेट, फास्टॅग मिळून २,५००. हँडलिंग ६,५००. अॅक्सेसरीज १८,५००. वाढीव वॉरंटी १२,०००. एकूण ६,६८,०००. त्यातून पंधरा हजार वजा. "उद्या कळवतो," म्हणून आम्ही उठलो. भाऊजी गाडीत... चुकले, रिक्षात बसल्यावर म्हणाले, "उगाच चिंधीचोर समजला असेल आपल्याला."

त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या तरुणपणी गिऱ्हाईक म्हणजे याचक होतं. फियाट नाहीतर अँबॅसिडर, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. स्कूटरचीही तीच गत. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, तिच्यासाठीही रांगाच लागल्या. वस्तू मिळाली हेच नशीब, तिथं भाव कुणाशी करायचा? ती सवय एका पिढीच्या अंगात मुरली आहे.

रात्री जेवताना ताईच बोलली. "अहो, कारखान्यात तुम्ही पन्नास हजारांची वस्तू तीन कोटेशनांशिवाय घेत नव्हतात. घरी येऊन मला त्या तुलनापत्रकांच्या गोष्टी सांगायचात. ते काय चिंधीचोर होतं?"

भाऊजी काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर मात्र चष्मा लावून तो कागद घेऊन बसले, नि मोठ्या वहीत उभ्या रेघा मारायला लागले. पुढचे दोन दिवस मी नुसती पाहत होते.

त्याच कंपनीच्या दुसऱ्या विक्रेत्याकडून लेखी कोटेशन आणलं. त्यानं बावीस हजारांची सूट लिहून दिली. म्हणजे 'रेट कंपनी का' असला तरी सूट विक्रेत्याच्या हातात होती. कंपनीनं विक्रेत्यांना सूट देण्यापासून अडवलं, या कारणावरून २०२१ मध्ये स्पर्धा आयोगानं मारुती सुझुकीला दोनशे कोटींचा दंड केला होता. कंपनीनं त्याविरुद्ध अपील केलं. आम्ही गेलो ते शोरूम त्या कंपनीचं नव्हतं, पण मुद्दा सगळ्यांनाच लागू आहे.

मग विमा. तो कुणाकडून घ्यायचा हे गिऱ्हाइकानं ठरवायचं असतं, शोरूमला सक्ती करता येत नाही. गाडीची विम्यातली किंमत तीच, झिरो डेप तेच, तीन वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टीही तोच. बाहेर भाव मिळाला २४,५००. "बाहेरचा घेतला तर कॅशलेस होणार नाही," असं घाबरवतात. त्या वर्कशॉपशी करार असलेल्या विमा कंपनीचाच भाव काढला, की ते भय संपतं. 'हँडलिंग' हा कुठल्याही सरकारी खात्याचा कर नाही. अॅक्सेसरीजमधले मॅट आणि मडफ्लॅप तेवढे लागणार होते, साडेतीन हजारांचे. वॉरंटी भाऊजींना मनापासून हवी होती, ती ठेवली.

शेजारच्यांनी आणखी एक वाट सांगितली. ग्वाल्हेरचा मेळा. १९०५ साली माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत जनावरांचा बाजार म्हणून सुरू झालेल्या या मेळ्यात आता गाड्या विकल्या जातात. राज्य सरकारनं मंजुरी दिली तर तिथं घेतलेल्या गाडीचा रोड टॅक्स निम्मा होतो. २०२५ च्या मेळ्यात तसा झाला होता. अट एवढीच, की नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओत करायची. २०२४ मध्ये उज्जैनच्या मेळ्यातही अशी सवलत होती. भाऊजींचे त्यात बावीस हजार वाचले असते. पण दरवर्षी मंजुरी कधी येईल सांगता येत नाही, आणि ताईचे गुडघे मेळ्यासाठी थांबणार नव्हते. ज्यांना थांबता येतं त्यांनी हा आकडा जरूर मांडून पाहावा.

महिना संपायला दोन दिवस असताना आम्ही पुन्हा पहिल्या शोरूममध्ये गेलो. महिनाअखेरीला विक्रीचं लक्ष्य गाठायचं असतं, आणि उभ्या गाड्यांवर विक्रेत्याला बँकेचं व्याज चढत असतं. भाऊजींनी वही उघडून टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही, ऑपरेशनचं नाव काढलं नाही. "हे दुसरं कोटेशन. हा विम्याचा भाव. ही रक्कम कशाची ते सांगा, नाहीतर काढा." अर्ध्या तासात हँडलिंग गेलं, विमा बाहेरून घ्यायला कुणी हरकत घेतली नाही, सूट वीस हजारांवर आली. एकूण ६,१६,५००. मूळ आकड्यापेक्षा साडेएक्कावन्न हजार कमी. यातले पंधरा हजार न घेतलेल्या वस्तूंचे, हे खरं. पण त्या नको होत्या, म्हणजे ते वाचलेच. गाडी कोणत्या महिन्यात बनली, हेही त्यांनी चासी नंबरावरून लिहून घेतलं.

सही करताना तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, हमारा इन्सेंटिव तो इन्शुरन्स और अॅक्सेसरीज में ही होता है." भाऊजींचा हात थांबला. मलाही वाईट वाटलं. भाजीवालीचे दोन रुपये आणि या मुलाचा इन्सेंटिव्ह, दोन्ही कुणाच्या तरी पोटाचेच. पण म्हणून त्याच्या पगाराचा भार आपण न लागणाऱ्या विम्यात उचलायचा का? भाऊजींनी त्याचं नाव लिहून घेतलं, आणि कॉलनीत गाडी घेणाऱ्या दोघांना त्याच्याकडेच पाठवलं. वहीसकट!

ताईचं ऑपरेशन नीट पार पडलं. वाचलेले पैसे फिजिओथेरपीला लागले. परवा फोनवर म्हणाली, "गाडीपेक्षा मला त्या वहीचं जास्त कौतुक. किती वर्षांनी यांना असं ताठ बसलेलं पाहिलं!"

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणीतरी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी हिशोब केलेला असेल. मोठी खरेदी करायची असेल तेव्हा त्यांच्यापुढे एक वही आणि पेन ठेवा. मेथीवालीकडे दोन रुपये सोडले तरी चालतील.