पंचाची सही

बँकेत असताना वारसांच्या अर्जावरून लॉकर फोडण्याचे प्रसंग दोन-तीनदा माझ्यावर आले. कारागीर, दोन साक्षीदार, वस्तूंची यादी, शेवटी सील. यादीतली एक बांगडीसुद्धा स्वतः पाहिल्याशिवाय मी सही केली नाही. तोच मी, एका रात्री शेजारच्या इमारतीत झडतीला पंच म्हणून गेलो आणि जिन्यातच पुढे आलेल्या तयार पंचनाम्यावर सही करून मोकळा झालो. ‘आम्हां पंचांसमक्ष कपाट उघडले’ असे त्यात होते. कपाट मी पाहिलेही नव्हते. दाराशी उभी असलेली घरातली म्हातारी माझ्याकडे नुसती बघत राहिली.

घरात शिरण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याचे वॉरंट, हे मूळ तत्त्व. मात्र वॉरंट आणण्यात विलंब होणार असेल, तर तपास अधिकारी त्याविना झडती घेऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १८५ ही मुभा देते. जुन्या संहितेत ते कलम १६५ होते. पण आधी कारणे लेखी नोंदवायची आणि त्याची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे धाडायची. कलम १०३ प्रमाणे दोन प्रतिष्ठित, त्रयस्थ पंच हवेत, घरमालकाला हजर राहू द्यायला हवे, जप्तीच्या यादीची प्रत त्याला द्यायला हवी. आता कलम १०५ नुसार चित्रीकरणही सक्तीचे आहे.

कुणी म्हणेल, खून झालेल्या घरात कसले कागद घोटवता? हाच युक्तिवाद अमेरिकेत झाला होता. १९७४ साली टुसॉन शहरात एका फ्लॅटवर छापा घालताना पोलीस अधिकारी मारला गेला. पोलिसांनी वॉरंट न घेता चार दिवस ते घर धुंडाळले, दोन-तीनशे वस्तू नेल्या. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की जखमींना मदत करायला, मारेकरी शोधायला पोलिसांनी जरूर आत जावे. पण केवळ खुनाची जागा म्हणून वॉरंटाची गरज संपत नाही.

आपल्याकडे झडती बेकायदा ठरली, तरी तेवढ्याच कारणाने पुरावा बाद होत नाही. म्हणून तर त्या रात्रीच्या रात्री नियम पाळले जाणे महत्त्वाचे. ते पाळले गेले का, हे पाहायला तिथे बाहेरचा माणूस एकच असतो: पंच. त्याने डोळे मिटले, की घरमालक एकटा पडतो. आणि उलटतपासणीत पंच गडबडला, तर खरा गुन्हेगारही सुटू शकतो. म्हणजे मेलेल्या माणसाचेही नुकसानच.

तुम्हाला कधी पंच म्हणून बोलावले, तर जरूर जा. पण आधी कपाट पाहा, मग कागद वाचा आणि मगच पेन उघडा. चेक वटवतानासुद्धा आम्ही एवढे करत होतो.