सून म्हणजे सरकारी योजना नव्हे

ऐंशी वर्षांच्या आजींना दवाखान्यात घेऊन येणारी सून हल्ली पुष्कळदा स्वतःच साठीची असते. आजींचा रक्तदाब पाहून झाला की मी सुनेचाही पाहतो. बऱ्याच वेळा तोच जास्त भरतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत. लोकसंख्या कायम राहण्यास २.१ लागतात. म्हणजे पुढे म्हातारी माणसे वाढणार आणि त्यांना सांभाळणारे हात कमी होणार.

जपान या वाटेवर आपल्या फार पुढे आहे. १९७३ मध्ये तेथील सरकारने सत्तरीपुढील वृद्धांचे औषधोपचार मोफत केले. घरी बघायला कोणी नाही म्हणून म्हातारी माणसे महिनोन् महिने रुग्णालयात राहू लागली. उपचार संपलेले, खाट मात्र अडलेली! खर्च झेपेना, तेव्हा १९८३ मध्ये पुन्हा शुल्क लावावे लागले.

एप्रिल २००० पासून तेथे शुश्रूषा विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा करांतून. पासष्टीनंतर गरज पडली की माणूस घरी येऊन पाहतो, उठता येते का, आंघोळ स्वतः करता येते का, विसर किती पडतो. त्यावरून मदत ठरते. मग आंघोळ घालायला बाई घरी येते, किंवा गाडी येऊन वृद्धाला दिवसभरासाठी केंद्रात नेते. बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा द्यावा लागतो.

जर्मनीने १९९५ मध्ये असाच विमा आणला, तेव्हा सेवेऐवजी रोख घेण्याची मुभा ठेवली. जपानमध्ये यावर वाद झाला. रोख दिली तर पैसे घरात जातील आणि काम सुनेच्याच गळ्यात राहील, असे महिला संघटनांचे म्हणणे होते. शेवटी सेवाच द्यायची असे ठरले. मला या साऱ्यात हाच निर्णय मोलाचा वाटतो.

जननदर वाढविणे मात्र जपानला साधले नाही. १९९४ पासून अनेक योजना आखूनही २०२४ मध्ये तो १.१५ वर उतरला. आपल्याकडे आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये स्थानिक निवडणुकांतील दोन अपत्यांची अट काढली. ठीक आहे, पण आज जन्मलेले मूल कमावते व्हायला वीस-बावीस वर्षे जायची. आजींना आज संध्याकाळी उठवून बसवायचे आहे.

२०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारतमधून पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. चांगलेच झाले. पण ती रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या आजी घरी आल्या की त्यांना चालवणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणे, हे सारे कोणी करायचे? १९७३ च्या जपानची चूक नेमकी हीच होती.

सुरुवात लहान असली तरी चालेल. नगरपालिकेने वृद्धांसाठी एक दिवसाचे केंद्र चालवावे, आणि तालुक्याला दहा तरी प्रशिक्षित मदतनीस द्याव्यात, त्याही पगारी. आशाताईंवर हे काम लादू नये. त्यांच्या वह्या आधीच भरलेल्या आहेत. पुढाऱ्यांना उद्घाटनासाठी इमारत लागते, तर इमारत बांधा. पण तेथे नेमणुका कधी होणार, हे वाचकांनी आपल्या नगरसेवकाला जरूर विचारावे.