आडनावाची चौकट

बारावी झाली की आमच्याकडे पालक सांगतात, "पोराला कॉम्प्युटरचा क्लास लावलाय." क्लासमध्ये काय शिकवतात, असं विचारलं की उत्तर येतं: सी, जावा, पायथॉन. म्हणजे भाषा. मी स्वतः भाषांचा शिक्षक. व्याकरण पक्कं असलेली मुलंसुद्धा साधा अर्ज धड लिहू शकत नाहीत, हे रोज पाहतो. कुणाला लिहायचं, कशासाठी लिहायचं, हेच त्यांनी ठरवलेलं नसतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना ही अडचण फार आधी कळली. मोठी कामं रखडत होती, खर्च वाढत होता, हाती आलेलं भरवशाचं नव्हतं. म्हणून १९६८ साली पश्चिम जर्मनीतल्या गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने परिषद भरली, आणि तिच्या नावातच 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हे शब्द होते. गरज समजून घ्या, आराखडा करा, मग कोड लिहा, तपासा, पुढेही सांभाळा. बीएड केलेल्यांना यात नवल वाटू नये. पाठ टाचणात आपण हेतू, पूर्वज्ञान, मूल्यमापन असे रकाने भरतो, तसंच हे. (टाचण नुसतं साहेबांना दाखवायला लिहायचं, ही रीतही दोन्हीकडे सारखीच असावी!)

सगळ्यात जास्त हेळसांड होते ती पहिल्या पायरीची. ऑनलाइन अर्ज भरताना 'आडनाव' या चौकटीपुढे लाल चांदणी असते. आमच्या कितीतरी घरांत आडनाव नसतंच. मुलाचं नाव आणि अब्बांचं नाव, संपलं. चौकट रिकामी ठेवली तर अर्ज पुढे सरकत नाही. मग कुणी अब्बांचं नाव दोनदा लिहितं, कुणी नुसता टिंब देतं. शाळेच्या दाखल्यावर 'मोहम्मद', आधारवर 'मुहम्मद', बँकेत नुसतं 'मो.'. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात, आणि शिष्यवृत्ती अडकते. यात कोड बिघडलेला नाही. सांगितलं तेच तो करतोय. सांगणाऱ्याने मात्र आमच्या मोहल्ल्यात कुणाला विचारलं नव्हतं.

ही गोष्ट किरकोळ वाटत असेल तर युरोपचं 'एरियान ५' रॉकेट आठवा. ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात, चाळीसेक सेकंदांत ते फुटलं. दिशा सांभाळणारा कोड जुन्या 'एरियान ४'चा होता आणि तिथे तो नीट चालत असे. नवं रॉकेट सुरुवातीलाच जास्त वेग घेत होतं. त्यातला एक आकडा इतका मोठा झाला की ठेवलेल्या जागेत मावेना. त्या जागेची मर्यादा ३२,७६७. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून त्या यंत्रणेची चाचणी कुणी घेतलीच नव्हती. एका गिऱ्हाइकाच्या मापाची शेरवानी दुसऱ्याला चढवली, आणि आरशासमोर उभंही केलं नाही.

उर्दू माध्यमातल्या मुलांना वाटतं, या क्षेत्रात आपण मागे पडणार. मला ते पटत नाही. उजवीकडून डावीकडे लिहिणारी लिपी, तीन तऱ्हांनी लिहिलं जाणारं एकच नाव, आडनाव नसलेलं घर, हे सगळं त्यांनी जगलेलं आहे. चाचणीसाठी याहून चांगले नमुने कुठे मिळणार? फक्त ते मांडायला त्यांना कुणीतरी शिकवायला हवं.

तेव्हा फी भरण्याआधी क्लासवाल्यांना विचारा, गरजा लिहून काढायला आणि चाचणी घ्यायला शिकवता का? प्रवेश-अर्जाचा प्रकल्प देणार असतील तर कीबोर्डला हात लावण्याआधी मुलांना दहा घरी पाठवा म्हणावं. प्रत्येक घरी नाव कसं लिहितात, ते वहीत उतरवून आणू दे.