पाण्यावर मूल कोणाचें?

वाचक भगिनींनो, तान्हीं व लहान मुलें घेऊन जलप्रवासास जावें कीं न जावें, असा प्रश्न दोघी-तिघींनीं मजकडे पत्रानें विचारला आहे. पुस्तकें चाळून त्याचें उत्तर देणें अवघड नव्हतें. परंतु गेल्या कार्तिकांत हाच प्रश्न आमच्या घरीं उपस्थित झाला, आणि त्याचें खरें उत्तर मला पुस्तकानें नव्हे, पाण्यानें शिकविलें. म्हणून ती हकीकतच सांगतें. ती सांगतांना माझी चूक झांकावयाची नाहीं, असें मनाशीं ठरविलें आहे.

आमचें कुटुंब पुण्याचें. लहानमोठीं मिळून १७ माणसें. थंडी पडूं लागली म्हणजे मुळशीच्या तलावाकांठीं एका आप्तांच्या घरीं सर्वांनीं दोन दिवस राहावयाचें, असा आमचा परिपाठ आहे. हा तलाव पाहावयास जितका रम्य, तितकाच समजून घेण्यासारखा आहे. मुळा व निळा या नद्यांचें पाणी टाटांच्या कंपनीनें येथें अडविलें. तें बोगद्यानें घाटाखालीं उतरून भिऱ्याच्या वीजघरांत जातें, व तेथें १९२७ पासून वीज तयार होते. या धरणाखालीं खोऱ्यांतलीं गांवें, देवळें, भाताचीं खाचरें बुडालीं. तीं वांचावीं म्हणून १९२१ च्या रामनवमीस शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला, व सेनापति बापट यांनीं त्यासाठीं तुरुंगवास सोसला. असो. सांगावयाचें तें इतकेंच कीं, हें पाणी बांधाबांधावर चढलेलें आहे. कांठाशीं गुडघाभर दिसतें, आणि चार पावलांवर पुरुषभर होतें.

पडवींत बसून हें पाणी पाहात असतां धाकट्या भावजींनीं आपला बेत सांगितला. २०१८ सालीं मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ नांवाचें सहलीचें जहाज सुरू झालें होतें. तें पुढें बंद पडलें. पण हौस मागें राहिली, आणि आतां मुंबईहून गोवें, लक्षद्वीप अशा सफरी करणारीं त्याहून मोठीं जहाजें निघतात. अशा एका जहाजावर माघांत चार दिवस जावयाचें. बरोबर धाकट्या जाऊबाई, ४ वर्षांची चिमी आणि १४ महिन्यांचें बाळ.

सासूबाई म्हणाल्या, “धड चालतां न येणारें पोर घेऊन समुद्रावर जायची ही कसली हौस!”

भावजी म्हणाले, “आई, तें जहाज नव्हे, पाण्यावरचा वाडा आहे. आंत दवाखाना, मुलांची खेळायची खोली, सगळें आहे.”

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या भगिनी, रत्नागिरीकडे दिलेल्या. त्यांचें वय आतां ऐशींच्या पुढें आहे. त्या एवढेंच म्हणाल्या, “मी नऊ महिन्यांचा मुलगा घेऊन बोटीनें माहेरीं आलें आहें. पण अगो, आम्हांला दुसरी वाट नव्हती. तुम्हांला आहे, हा फरक विसरूं नका.”

दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य होतें. जहाजाच्या अनेक कंपन्या ६ महिन्यांखालील बालकांस घेतच नाहींत, आणि लांबच्या सागरी सफरींस ही मर्यादा १२ महिन्यांची असते. त्या दृष्टीनें बाळाचें वय बसत होतें. बोट लागण्याचें भय जितकें आपण तान्ह्यांविषयीं बाळगतों, तितकें तें खरें नाहीं. २ वर्षांखालच्या मुलांस बोट सहसा लागत नाहीं. २ ते १२ वर्षांच्या मुलांस मात्र ती अधिक लागते, म्हणजे काळजी बाळाची नव्हे, चिमीची होती. उलट पक्षीं, जहाजावरचा दवाखाना हा बालरोगांचा दवाखाना नव्हे. उलटी-जुलाबाची सांथ बंदिस्त जहाजांत लवकर पसरते, आणि लहान मुलाचें अंग कोरडें पडावयास एक दिवसही पुरतो. अशा वेळीं किनारा दिसत असला, तरी हाताशीं नसतो.

मग गोष्ट अपघातांवर गेली. आत्याबाई लहान असतांना, १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढी अमावास्येच्या सणासाठीं घरीं निघालेल्या उतारूंची ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जातांना वादळी पाण्यांत बुडाली, आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. कुलाबा जिल्ह्यांत त्या दिवसाची आठवण अनेक घरीं पिढ्यान् पिढ्या राहिली. भावजी म्हणाले, “तो काळ वेगळा होता.” त्यावर माझ्या यजमानांनीं १८ डिसेंबर २०२४ ची आठवण दिली. त्या दिवशीं गेट वेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची एक वेगवान होडी इंजिनाची चांचणी चालू असतां येऊन आदळली. १५ जण मृत्युमुखीं पडले. त्यांत लहान मूलही होतें. पुष्कळ उतारूंच्या अंगांत तरंगतें जाकीट नव्हतें. पाणी शांत होतें, दिवसाउजेडाची वेळ होती, आणि मंडळी सहलीस निघालेली होती.

वाद तेथेंच राहिला, व आम्ही निजलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अकराच्या सुमारास मुलांच्या आग्रहास्तव आम्हीं एक होडी ठरविली. होडीवाल्याजवळ जाकिटें होतीं. पण तीं सारीं मोठ्या माणसांचीं. चिमीच्या खांद्यांवरून तें ओघळूं लागलें, तेव्हां मींच बंद आंवळून गांठ मारली आणि ‘पुरे’ म्हटलें. फेरी फार सुखाची झाली. मुलांनीं बगळे मोजले, बाळ मांडीवर झोंपी गेलें. जें घडलें तें पाण्याच्या मध्यावर नव्हे, कांठाशीं घडलें.

होडी दगडी पायरीस लागली. तिच्यांत व पायरींत हातभर पाणी होतें. सर्वांचें लक्ष झोंपलेलें बाळ सासूबाईंच्या हातीं सुखरूप देण्याकडे होतें. चिमीचा हात माझ्या हातांत होता. कोणीतरी म्हणालें, “वहिनी, तो फराळाचा डबा द्या.” जाऊबाई पाठीशीं उभ्या आहेत अशा समजुतीनें मीं हात सोडला. चिमी माझ्यापाशीं आहे अशा समजुतीनें जाऊबाई बाळाकडे पाहात होत्या. भावजींना वाटलें, दोघी बायका आहेत. होडींत व पायरीवर आम्ही मोठीं माणसें आठ होतों.

पोरीची एक चप्पल पाण्यांत पडली व ती घ्यावयास ती वांकली. पुढचें मीं पाहिलें नाहीं, हेंच मला सांगावयाचें आहे. ओरडणें ऐकूं आलें नाहीं; पाण्याचा आवाजही कळण्यासारखा झाला नाहीं. जाकीट तिच्या डोक्यावरून निघून वर तरंगत राहिलें, आणि ती त्याच्याखालीं होती. म्हाताऱ्या होडीवाल्यानें खांद्यापर्यंत हात पाण्यांत घालून तिचा झगा धरला व तिला वर ओढलें. एक श्लोक म्हणावयास लागतो तितकाही वेळ यांत गेला नसेल. ती खोकली, ओकली, आणि मग रडूं लागली. पाणी छातींत जावयाचा संभव असतो म्हणून लागलीच तिला पौडास डॉक्टरांकडे नेलें. संध्याकाळपर्यंत तिजवर लक्ष ठेवलें, व देवदयेनें कांहीं झालें नाहीं.

निघण्यापूर्वीं होडीवाल्यानें रागानें नव्हे, सहज विचारलें, “बाई, पोर कुणाच्या हाताला होती?” आठ जणांपैकीं एकालाही उत्तर देतां आलें नाहीं.

भगिनींनो, एकत्र कुटुंबांत मूल सर्वांचें असतें, ही आपली मोठी मिळकत आहे. आई स्वयंपाकांत असली तर काकू न्हाऊं घालते, आजी गोष्ट सांगते. घराच्या चार भिंतींत ही व्यवस्था उत्तम चालते, कारण तेथें क्षणभर सर्वांचें लक्ष चुकलें, तरी मूल फार तर उंबऱ्यावर अडखळतें. पाण्यावर तो क्षण परत मिळत नाहीं. तेथें ‘सर्वांचें’ म्हणजे ‘कोणाचेंच नाहीं’ असें होतें. पाहणारे जितके अधिक, तितका प्रत्येकजण अधिक निश्चिंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत जगांत सुमारें ३ लाख माणसें बुडून मेलीं, आणि त्यांत ५ वर्षांखालील बालकें जवळजवळ पाव हिस्सा होतीं. बुडणारें मूल हांक मारीत नाहीं. श्वास घ्यावयास ज्याला तोंड वर काढतां येत नाहीं, तें ओरडणार कोठून?

त्या रात्रीं कोणी जेवलें नाहीं. आत्याबाईंनीं मला जवळ बसविलें व १९६४ सालची हकीकत सांगितली. रत्नागिरीस बोट खोल पाण्यांत उभी राही. उतारूंस पडावांत उतरून किनारा गांठावा लागे. लाटेवर पडाव वरखालीं होत असतां तान्हीं मुलें हातोहात खालीं द्यावीं लागत. त्यांच्या सासूबाईंनीं एक नेम घालून दिला होता. मूल घेणाऱ्यानें ‘घेतलें’ असें मोठ्यानें म्हणावयाचें, आणि तें कानांवर पडल्यावांचून देणाऱ्यानें हात सोडावयाचा नाहीं. आत्याबाई म्हणाल्या, “खलाशी हंसत असत. हंसेनात का! त्या एका शब्दानें मूल एका हातांतून दुसऱ्या हातांत पडे. मध्यें कोठें पडत नसे.”

आमच्या प्रश्नाचें उत्तर यांत आहे, असें मला वाटतें. मुलाचें वय किती, जहाज केवढें, हे प्रश्न दुय्यम होत. पहिला प्रश्न हा कीं, पाण्यावर असतांना प्रत्येक क्षणीं त्या मुलास नांवानिशीं एक माणूस नेमलेलें आहे काय? देवपूजेची पाळी आपण नांव घेऊन ठरवितों. ‘कोणीतरी करील’ असें म्हणून देव पारोसे ठेवीत नाहीं. मग मुलास कमी कां लेखावें? मुलें दोन व माणसें दोन असतील, तर त्यांनीं निजावें केव्हां? ज्या घरीं हा हिशेब बसत नाहीं, त्यांनीं तो बसेपर्यंत थांबावें; समुद्र कोठें जात नाहीं.

ज्यांचा हिशेब बसतो, त्यांनीं पुढील गोष्टी पाहाव्या. एक वर्षाखालील मूल केवळ हौसेसाठीं नेऊं नये, असें माझें मत आहे. निघण्यापूर्वीं नेहमींच्या बालवैद्यांचा सल्ला घ्यावा, व वयाप्रमाणें लसी झाल्या आहेत ना, तें पाहावें. गोंवराची पहिली लस ९ महिने पुरे झाल्यावर देतात. साखर-मिठाच्या जीवनजलाच्या पुड्या व मुलाचीं नित्याचीं औषधें जवळ ठेवावीं. बोट लागण्याचें औषध मात्र वैद्यास विचारल्यावांचून लहान मुलास देऊं नये. जाकीट मुलाच्या वजनाचें असावें, व त्याचा एक पट्टा दोन पायांमधून येणारा असावा. तें घातल्यावर खांद्यांशीं धरून वर उचलून पाहावें. हनुवटी आंत जाऊन जाकीट कानांपर्यंत आलें, तर तें निरुपयोगी समजावें. ही परीक्षा मीं केली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता. मोठ्या जहाजावर बालकांचीं जाकिटें ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तीं आपल्या खोलींत पहिल्याच दिवशीं मागून घ्यावीं. कठड्याशीं खुर्ची किंवा पेटी ठेवूं नये, कारण मुलें तिचीच शिडी करतात. जहाजावरच्या पोहण्याच्या हौदाशीं राखणदार असेलच, असें धरून चालूं नये. आणि लहान होडींत मुलाच्या मापाचें जाकीट नसेल, तर मूल कितीही रडलें तरी कांठावरच बसावें. रडणें थांबवितां येतें.

भावजींचा बेत मोडला काय, असें तुम्ही विचाराल. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते स्वतःच म्हणाले कीं, तो रद्द करतों. तेव्हां आत्याबाई पडवींतून म्हणाल्या, “रद्द कशाला? तिसरें तिकीट काढ. मी नुसती बसून पोरांकडे बघेन. माझ्या हातीं डबा देऊं नका म्हणजे झालें.” सासूबाईंनीं अडविलें नाहीं, मात्र कोणत्या वेळीं कोणतें मूल कोणाकडे, याचा कागद त्यांनीं आपल्यासमोर लिहवून घेतला.

हा अंक तुमच्या हातीं पडेल तेव्हां मंडळी परतलेली असतील. आमच्या घरीं मात्र तो शब्द आतां कायमचा झाला आहे. परवां मीं विहिरीपाशीं बाळास जाऊबाईंकडे दिलें, आणि त्यांनीं मोठ्यानें ‘घेतलें’ म्हटल्यावरच माझे हात सुटले. चिमीला त्याचा खेळ वाटतो. ती आपली बाहुली मला देते आणि शब्द ऐकल्याखेरीज सोडीत नाहीं.