पॅटन कोणी समजावून सांगायचा?

गेल्या महिन्यात संध्याकाळच्या प्रेपमध्ये सातवीतला एक ज्युनिअर वही घेऊन माझ्याकडे आला. तो पांढुर्ण्याचा आहे, म्हणून माझ्याशी मराठीतच बोलतो. त्याला परमवीर चक्र विजेत्यांवर भाषण करायचं होतं आणि त्याने हवालदार अब्दुल हमीद यांची निवड केली होती. भाषण चांगलं लिहिलं होतं. फक्त एका ठिकाणी तो अडला होता.

"दादा, पॅटन रणगाडा एवढा भारी होता, तर जीपवरच्या तोफेने फुटला कसा?"

"शौर्याने," मी म्हणालो.

त्याने ते लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबवून विचारलं, "म्हणजे त्यांच्यात शूर कोणीच नव्हतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. "आधी भाषण पाठ कर," असं सांगून मी त्याला परत पाठवलं. पण रात्री लाइट्स आउट झाल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना. आपण जबलपूरमध्ये राहतो. हमीद ज्या ग्रेनेडियर्सचे, त्यांचं रेजिमेंटल सेंटर याच शहरात आहे. १० सप्टेंबर १९६५ ची गोष्ट इथल्या कॅडेटला झोपेतसुद्धा सांगता येते. तरी सातवीतल्या मुलाच्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दापलीकडे काही नव्हतं.

पुढचे दोन रविवार मी लायब्ररीत काढले. जे सापडलं त्यावरून माझं एक मत तयार झालं आहे आणि ते मी इथे मांडतो. आपल्या शहरातल्या राणी दुर्गावती विद्यापीठाने आधुनिक अमेरिकी लष्करी इतिहास शिकवणारा एक प्राध्यापक नेमावा. हे वाचून काही जण हसतील. माझा रूममेटही हसला. म्हणून कारणं सांगतो.

पहिलं कारण असल उत्तरचं. पाकिस्तानकडचे पॅटन अमेरिकेत बनलेले होते. १९५४ मध्ये अमेरिका आणि पाकिस्तान यांच्यात लष्करी मदतीचा करार झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत ते पाकिस्तानला मिळाले. हे आपल्याला माहीत असतं. पण आपल्या बाजूला डेक्कन हॉर्सकडे जे शर्मन रणगाडे होते तेही अमेरिकीच होते, आणि ते पॅटनपेक्षा जुने होते. हमीद यांच्या जीपवरची १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफसुद्धा अमेरिकी आराखड्याची. म्हणजे त्या उसाच्या शेतांत अमेरिकी शस्त्रं दोन्ही बाजूंनी होती. एका बाजूच्या शस्त्रांचा उपयोग झाला आणि दुसऱ्या बाजूची तिथेच अडकून पडली, असं का?

शस्त्र समजून घेतलं की उत्तर दिसू लागतं. पॅटन बनवताना अमेरिकनांच्या डोळ्यांसमोर युरोपातलं युद्ध आणि सोव्हिएत रणगाडे होते. लांबून अचूक मारा करता यावा म्हणून त्यात अंतर मोजण्याचं नाजूक आणि गुंतागुंतीचं यंत्र बसवलं होतं. ते वापरायला भरपूर सराव लागतो आणि समोर मोकळं मैदान लागतं. खेमकरणजवळ आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं, ऊस उभा ठेवला आणि घोड्याच्या नालेसारखी संरक्षण फळी उभारली. जड रणगाडे चिखलात रुतले, आणि उसामुळे लांबचं दिसेना. लांबून मारा करण्याचा फायदाच उरला नाही. भारतीय नोंदींनुसार त्या लढाईत पाकिस्तानने शंभरच्या आसपास रणगाडे गमावले.

१०६ च्या तोफेचंही असंच आहे. तिचा गोळा वेगाच्या जोरावर चिलखत फोडत नाही. त्यातल्या स्फोटकाची रचनाच अशी असते की स्फोटाची शक्ती एका बिंदूवर एकवटते. म्हणून ही तोफ जीपवर बसवण्याइतकी हलकी असते आणि तरीही रणगाडा फोडू शकते. पण ती उडवली की मागून ज्वाळेचा मोठा झोत निघतो, धूळ उडते आणि शत्रूला जागा कळते. जीपला चिलखत नसतं. त्यामुळे मारा करायचा आणि लगेच जागा बदलायची, एवढाच वाचण्याचा मार्ग. हमीद यांनी हे पुन्हा पुन्हा केलं, आणि शेवटी त्यांची जीप शत्रूच्या तोफेच्या टप्प्यात सापडली. हे समजल्यावर त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला. धोका किती होता हे कळल्याशिवाय शौर्य किती मोठं होतं हेही कळत नाही.

आणखी एक गोष्ट. त्यांनी किती रणगाडे फोडले याचा आकडा एका पुस्तकात एक आहे आणि दुसऱ्यात वेगळा. भाषणात आपण सर्वांत मोठा आकडा घेतो. खरा आकडा कोणता, हे दोन्ही बाजूंची कागदपत्रं वाचणाराच सांगू शकेल. अशा माणसाला इतिहासकार म्हणतात.

दुसरं कारण १९७१ चं. त्या डिसेंबरमध्ये अमेरिकेने विमानवाहू जहाज एंटरप्राइझच्या नेतृत्वाखाली एक ताफा बंगालच्या उपसागरात पाठवला, हे आपण शिकतो. तो का पाठवला, व्हाइट हाउसमध्ये तेव्हा काय बोलणं चाललं होतं, हे आपण शिकत नाही. पण त्यातलं बरंच उघड झालेलं आहे. त्या वर्षाच्या दक्षिण आशियातल्या संकटाबद्दलच्या कागदपत्रांचा जाड खंड अमेरिकी परराष्ट्र खात्यानेच २००५ मध्ये प्रकाशित केला. आपल्या युद्धाची अर्धी गोष्ट त्यांच्या कपाटात होती, आणि त्यांनी ते कपाट उघडलं. आता ती वाचायला शिकवणारं कोणीतरी हवं.

तिसरं कारण आमच्या भविष्याचं. भारत आणि अमेरिकेच्या सैन्यांचा 'युद्ध अभ्यास' हा संयुक्त सराव २००४ पासून चालू आहे. आपल्या तोफखान्यात अमेरिकेची एम-७७७ तोफ आहे, आणि इथून काही किलोमीटरवर गन कॅरेज फॅक्टरीत आपली स्वतःची धनुष तोफ बनते. आमच्यातले काही जण उद्या अमेरिकी अधिकाऱ्यांच्या शेजारी नकाशावर वाकलेले असतील. त्यांचं सैन्य असं का विचार करतं, व्हिएतनाममध्ये ते काय हरले आणि त्यातून काय शिकले, हे सिनेमा पाहून कळणार नाही.

आता आक्षेप. माझा रूममेट साताऱ्याचा आहे. तो म्हणाला, "आधी आपला इतिहास नीट शिकव, मग अमेरिकेचा." त्याचा राग मला समजतो. पण मी त्याला दोन नावं सांगितली. स्टुअर्ट गॉर्डन हे अमेरिकी अभ्यासक. त्यांनी मराठ्यांवर लिहिलेलं पुस्तक केंब्रिजने १९९३ मध्ये काढलं. स्टीफन कोहेन इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक होते. भारतीय सैन्यावरचं त्यांचं पुस्तक १९७१ चं आहे आणि आजही अभ्यासक ते वाचतात. त्यांना आपला अभ्यास करून कमीपणा आला नाही. उलट आपल्याबद्दल ते जाणतात आणि त्यांच्याबद्दल आपण जाणत नाही, ही स्थिती कोणाच्या फायद्याची? महाराजांच्या हेरांनी सुरतेची खडान्‌खडा माहिती आधी काढली होती, हे त्यालाही माहीत आहे. त्यावर तो गप्प बसला. पटलं की नाही, ते सांगितलं नाही.

दुसरा आक्षेप एका सरांचा. ते म्हणाले, "जबलपूरमध्ये निवृत्त अधिकारी भरपूर आहेत. त्यांनाच बोलवा की." हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अधिकाऱ्याने युद्ध पाहिलेलं असतं, आणि आम्ही अशी व्याख्यानं श्वास रोखून ऐकतो. पण अधिकारी आपल्या खंदकातून जे दिसलं ते सांगतो. समोरच्या खंदकात काय चाललं होतं ते शोधून दोन्ही एकत्र मांडणं हे वेगळं काम आहे आणि त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं.

दोन्ही गुण एकाच माणसात असू शकतात. एच. आर. मॅकमास्टर फेब्रुवारी १९९१ मध्ये इराकच्या वाळवंटात रणगाड्यांच्या तुकडीचे कॅप्टन होते. ती लढाई त्यांनी जिंकली. नंतर सैन्यात असतानाच त्यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पीएच.डी. केली, आणि व्हिएतनामच्या वेळी अमेरिकेच्या वरिष्ठ सेनापतींनी आपलं कर्तव्य नीट पार पाडलं नाही, असं पुस्तक १९९७ मध्ये लिहिलं. एका मेजरने जनरलांच्या चुका लिहिल्या, तरी पुढे तो स्वतः लेफ्टनंट जनरल झाला. मला हे वाचून आश्चर्य वाटलं. जे सैन्य आपला पराभव वाचू शकतं, ते पुढच्या वेळी जास्त तयारीने उतरतं असं मला वाटतं. आपल्याकडे १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. मात्र २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवं धोरण आणलं. त्यानुसार युद्धांच्या नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या व्हायच्या आहेत. त्या खुल्या झाल्यावर वाचणारे तयार हवेत ना?

मग असा माणूस आणायचा कसा? नियमांत वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय केली. किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला पीएच.डी. नसली तरी ठरावीक मुदतीसाठी नेमता येतं, आणि त्यात सैन्यदलातले लोकही येतात. अशा एका अधिकाऱ्याबरोबर इतिहासात पीएच.डी. केलेला एक कायम प्राध्यापक, अशी जोडी मला योग्य वाटते. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षण आणि सामरिक शास्त्राचा विभाग कित्येक वर्षं चालू आहे. तिथला अनुभव विचारता येईल.

एक इशाराही द्यायला हवा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात प्रसिद्ध लेखक स्टीफन अँब्रोझ यांनी आपल्या गुरूंच्या नावाने लष्करी इतिहासाच्या अध्यासनासाठी पैसे दिले. तरी ती जागा कित्येक वर्षं रिकामी राहिली आणि त्यावर टीका झाली. शेवटी जॉन हॉल यांची नेमणूक झाली. ते वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडलेले सैन्याधिकारी आणि इतिहासाचे पीएच.डी., असे दोन्ही आहेत. जिथे हा विषय घरचा आहे तिथेही असं होतं. आपल्याकडे नुसती घोषणा झाली आणि दाराला पाटी लागली, तर उपयोग नाही.

मला मुलाखतीच्या समितीत कोणी बसवणार नाही. पण बसवलं असतं तर मी उमेदवाराकडे तीन गोष्टी पाहिल्या असत्या. त्याने मूळ कागदपत्रं स्वतः वाचलेली असावीत. विजयाइतकाच पराभवही त्याला शिकवता यावा, त्यांचा आणि आपलाही. आणि महिन्यातून एकदा त्याने शहरासाठी खुलं व्याख्यान द्यावं, हिंदीतून, म्हणजे खमरियाच्या आयुध निर्माणीत काम करणाऱ्यांची मुलंही येतील. नंतर मी त्याला आमच्या सातवीच्या वर्गासमोर उभं केलं असतं आणि त्या ज्युनिअरला प्रश्न विचारायला सांगितलं असतं.

विद्यापीठाला जिचं नाव आहे ती राणी १५६४ मध्ये मुघल फौजेशी लढताना पडली. तिच्या नावाच्या विद्यापीठात युद्धाचा अभ्यास परका वाटायचं कारण नाही.

पालकांनाही एक सांगायचं आहे. आमच्यापैकी बहुतेकांना एन.डी.ए.त जायचं आहे, मलाही. सगळेच जाणार नाहीत, हेही आम्हाला माहीत आहे. जो राहील त्याला आज आम्ही 'राहिला' एवढंच म्हणतो. युद्धाचा इतिहास शोधणं हीसुद्धा देशाची सेवा आहे असं दाखवणारा एक माणूस या शहरात असेल, तर त्या मुलाला दुसरी वाट दिसेल.

ज्युनिअरचं भाषण झालं, त्याला दुसरं बक्षीस मिळालं. नंतर मी त्याला बोलावून पाणी सोडलेली शेतं, ऊस आणि तोफेमागची ज्वाळा हे सगळं सांगितलं. त्यांच्यातही शूर होते, हेही सांगितलं. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं, "दादा, मग त्यांच्या अधिकाऱ्यांनी आधी जमीन का नाही पाहिली?"

हे मला अजून माहीत नाही. ज्याला माहीत आहे, त्याला कृपया जबलपूरला बोलवा.