नावांची कुळकथा : अपोलो नव्हे, पालव

सावरगाव हे नाव मोठे सरळ आहे. शिशिरात पाने झडून तांबड्या फुलांनी लवलेली काटेसावर ज्याने पाहिली, त्याला त्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. परंतु सगळीच नावे इतकी प्रामाणिक नसतात.

मुंबईस जाऊन आलेल्यांनी अपोलो बंदर पाहिले असेल. १९२४ साली खुले झालेले 'गेटवे ऑफ इंडिया' तेथेच उभे आहे. अपोलो हा प्राचीन ग्रीकांचा प्रकाशाचा व संगीताचा देव. तेव्हा बंदरास नाव त्याचेच, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः त्या देवाचा ह्या बंदराशी काडीचाही संबंध नाही! मूळ नाव पालव बंदर. पालव नावाच्या गलबतावरून ते पडले असे कित्येक म्हणतात. कित्येक पाला माशाकडे बोट दाखवितात. वाद कसाही मिटो, शब्द आपल्याच किनाऱ्याचा. इंग्रजांच्या जिभेस तो वळेना, आणि शाळेत घोकलेला अपोलो तर तोंडात तयारच होता. पुढे त्या धक्क्यास वेलिंग्टनचे नाव दिले गेले, तेही लोकांनी चालू दिले नाही. दर्यावर्दी लोकांचा शब्द मात्र परक्या देवाच्या खाती जमा झाला, ह्याचे वैषम्य वाटते.

ग्रीक दैवतांची खरीखुरी नावे धारण करणारी स्थळे युरोपात पुष्कळ. फ्रान्समधील नीस शहराच्या नावात नीके, म्हणजे विजय, आहे. ग्रीकांची विजयदेवताही तीच. अथेन्समधील अरीयपग म्हणजे युद्धदेव आरेस ह्याची टेकडी. 'प्रेषितांची कृत्ये' ह्या ग्रंथाच्या १७ व्या अध्यायात संत पौलास अरीयपगापुढे नेल्याची हकीकत आपण वाचतो. त्याचे भाषण ऐकून ज्यांनी विश्वास धरला, त्यांत दिओनुस्य नावाचा गृहस्थ होता. हे नाव मुळात द्राक्षारसाचा ग्रीक देव दिओनिसस ह्याचे! तेच नाव फ्रेंचांच्या तोंडी 'देनी' झाले, इंग्रजांच्या तोंडी 'डेनिस'. तिसऱ्या शतकात ह्याच नावाचा पॅरिसचा बिशप रक्तसाक्षी झाला. त्याच्या कबरीच्या ठिकाणी सें-देनी हे गाव वाढले आणि तेथील मंदिरात फ्रान्सचे बहुतेक राजे पुरले गेले. आपल्या शेजारी कोणी डेनिस राहत असेल, तर त्याचे नाव असे अथेन्स व पॅरिस फिरून आलेले आहे.